हजेरी वेगळी, काम वेगळं

१९१० च्या मार्च महिन्यात लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या माणसांना घेऊन कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर उतरले, तेव्हा तिथे निवडुंग आणि नाग यांच्याखेरीज फारसं काही नव्हतं. नांगर आणि कडबा कापायची यंत्रं बनवणारा त्यांचा बेळगावचा कारखाना शहराच्या विस्ताराच्या आड आला आणि जागा सोडावी लागली. औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. बरोबर पंचवीसेक कामगार आणि त्यांची बायकापोरं. उघड्या माळावर पहिली गरज राखणीची. ते काम लक्ष्मणरावांनी ज्यांच्याकडे सोपवलं, त्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग या दोघांनी दरोड्याबद्दल शिक्षा भोगलेली होती. (किर्लोस्करवाडीच्या इतिहासात त्यांची नावं अशीच आली आहेत. हिशेबनिसाला आणि इंजिनिअरला आडनाव मिळालं, पहारेकऱ्याला जात.) दोघेही पुढे कारखान्याचे भरवशाचे रखवालदार झाले.

ही गोष्ट आपल्याकडे मालकाच्या मोठ्या मनाची म्हणून सांगतात. मन मोठं होतंच. पण मला त्यात कामाची मांडणीही दिसते. रात्रपाळीची राखण हे असं काम आहे की ते झालं की नाही, ते सकाळी अख्ख्या वस्तीला कळतं. ते अमुक माणसाचं आहे, हेही सगळ्यांना माहीत असतं. शिवाय काठी, कंदील आणि अनोळखी माणसाला हटकायचा अधिकार त्याच्या हातात दिलेला असतो. म्हणजे कामाला नाव आहे, कामाबरोबर अधिकार आहे आणि कामाचा परिणाम चार लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. या तीन गोष्टी जिथे जमतात तिथे साधी माणसं जबाबदारीने वागतात. यातली एक निखळली की चांगली माणसंही ढिली पडतात. कंपन्यांच्या भिंतींवर ‘टीमवर्क’चे फलक लावून हे होत नाही, हे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या काही जुन्या-नव्या प्रयोगांतून नीट दिसतं.

दोन जिल्हे म्हटलं तरी संस्थानी भाग सोडला तर १९४९ पर्यंत हा एकच सातारा जिल्हा होता. मग उत्तर आणि दक्षिण सातारा असे भाग पडले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचं नाव सांगली झालं. औंध संस्थानाचे तुकडे या मुलखात विखुरलेले होते. राजधानी औंध आज साताऱ्याच्या खटाव तालुक्यात, किर्लोस्करवाडी सांगलीच्या पलूस तालुक्यात आणि आटपाडी पार पूर्वेला माणदेशात.

किर्लोस्करवाडीतली बाकीची माणसंही पाहण्यासारखी होती. लक्ष्मणरावांचे बंधू रामूअण्णा यांच्याकडे वसाहतीची आखणी आणि कारभार. मंगेशराव रेगे यांच्याकडे हिशेब. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, ते कल्पक इंजिनिअर झाले. के. के. कुलकर्णी पडेल त्या कामाचे व्यवस्थापक. कोणाच्या प्रमाणपत्राकडे पाहून काम दिलं गेलं असं दिसत नाही. काम देऊन माणूस पाहिला गेला. स्वतः लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना बढतीत डावलले गेले होते आणि नोकरी सोडून आले होते. योग्यता आणि कागद यांचा संबंध किती असतो, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं.

१९२० साली त्यांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचं घरपत्र सुरू केलं. पुढे त्याचंच ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मराठी साहित्याच्या इतिहासात त्याने मोठी जागा मिळवली. पण मुळात ते कारखान्यात काय चाललंय ते कारखान्याशी संबंधित लोकांना कळवण्यासाठी निघालेलं होतं. ज्याला आपण बनवलेल्या वस्तूचं पुढे काय झालं ते कळतं, त्याचा हात वेगळा चालतो.

अर्थात हे सगळं एका कर्त्या माणसाच्या नजरेभोवती उभं होतं. वाडी म्हणजे घर आणि लक्ष्मणराव घरातले वडीलधारे. अशा घराला मर्यादाही असतात. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर झालेल्या जाळपोळीतून किर्लोस्करवाडीही सुटली नाही. फाटकाच्या आत जुळलेली मनं फाटकाबाहेरचे जातींचे हिशेब मिटवू शकत नाहीत. तो मोठा विषय आहे, इथे एवढंच.

या वाडीचे नांगर गावोगाव फिरून विकणाऱ्यांत एक उंचापुरा तरुण होता, ऐतवडे बुद्रुकचा भाऊराव पाटील, पुढचे कर्मवीर. त्याने १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. कर्मवीरांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत, हे आपण नेहमी सांगतो. ती पंगत वाढायला, रांधायला, त्यासाठी शेतात राबायला तीच मुलं होती, हे जरा कमी सांगतो. ज्याच्या पाळीला भाकरी कच्ची राहिली त्याला ते सांगायला अधीक्षक लागत नसणार.

आता थोडं लांब जाऊ. फ्रान्समध्ये माक्स रिंगेलमान नावाचा शेतीचा इंजिनिअर होता. बैल, घोडे, यंत्रं आणि माणसं यांची ओढण्याची ताकद मोजणं हे त्याचं काम. १८८० च्या दशकात त्याने माणसांना दोर ओढायला लावलं आणि किती जोर लागतो ते मोजलं. निष्कर्ष छापले १९१३ साली. एकट्याने ओढताना माणूस जेवढा जोर लावतो तो शंभर धरला, तर दोघे मिळून ओढताना दरडोई त्र्याण्णव, तिघांत पंच्याऐंशी आणि आठ जणांत एकोणपन्नास. म्हणजे आठ माणसं मिळून चार माणसांचं काम करत होती. यात लबाडी किती आणि ताळमेळ नसणं किती? सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसला नाही तर जोर वाया जाणारच. १९७४ साली अ‍ॅलन इंगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा निकाल लावला. डोळे बांधलेल्या माणसाला दोराच्या पुढच्या टोकाला उभं केलं आणि मागे बरेच जण ओढताहेत असं भासवलं. प्रत्यक्षात मागचे नुसते उभे. तरीही पुढच्याचा जोर कमीच पडला. पुढे अमेरिकेत बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकेकटं आणि घोळक्यात टाळ्या वाजवायला, ओरडायला लावलं. तिथेही तेच. मात्र प्रत्येकाचा आवाज स्वतंत्र मोजला जातोय असं सांगितलं, तेव्हा ही चुकवेगिरी नाहीशी झाली.

माणूस आळशी नव्हता, तो दिसेनासा झाला होता. रिंगेलमानने हे शेतीच्या अवजारांच्या नादात शोधलं, हे मला फार आवडतं. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांत त्याला सुटाबुटात बसवतात, पण मूळ प्रश्न बैलजोडीचा.

हाच प्रश्न महाराष्ट्राने सरकारी पातळीवर लाखो माणसांना घेऊन सोडवायचा प्रयत्न केला आणि त्याची सुरुवातही याच मुलखातली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले. मागेल त्याला काम, ही कल्पना त्यांनी साठच्या दशकात तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर कामं निघाली, १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. दिल्लीने असा कायदा केला तो २००५ साली, तोच पुढे मनरेगा.

रोजगार हमीच्या कामावर कागद मुख्यतः दोन. एक हजेरीपट, लोकांच्या तोंडी मस्टर. दुसरी मोजमाप पुस्तिका, म्हणजे एमबी. मस्टर सांगतं कोण आलं, एमबी सांगते काय झालं. मजुरी ठरते ती एमबीवरून: किती घनमीटर माती निघाली, मुरूम होता की खडक, माती किती लांब टाकली. खोली मोजता यावी म्हणून खड्ड्यात मध्येच मातीचा एखादा खुंट न खणता ठेवायची पद्धत आहे. खड्डा किती खोल होता ते तो खुंटच सांगतो. मला या खुंटाचं कौतुक वाटतं. मोजणारा अधिकारी आणि खणणारी बाई या दोघांनाही खोटं बोलणं तो अवघड करतो. हिशेब एकतर्फी राहत नाही.

पण माप व्हायचं टोळीचं. टोळीतल्या एकेकाचं काम वेगळं मोजणं शक्य नव्हतं, म्हणून एकूण मापाची मजुरी टोळीत वाटली जायची. रिंगेलमान इथे हसला असता. पण या कामांवरच्या टोळ्या बहुतेक करून भावकीच्या किंवा एका आळीच्या असत, आणि त्यात चुकारपणा सांगायला मुकादम लागत नाही. शेजारच्या घरातली जाऊ हातातलं खोरं थांबवून नुसतं बघते. टोळी लहान आणि ओळखीची असेल तर एकत्रित मापसुद्धा चालतं, असा त्याचा अर्थ मी घेतो. टोळी मोठी झाली, किंवा वरून याद्या जोडून बनवली, की मग मस्टरवर न आलेल्यांची नावं चढू लागतात आणि आलेल्यांना राग येतो.

या योजनेची पुढची पायरी बोलकी आहे. २०२३ च्या जानेवारीपासून देशभरच्या मनरेगाच्या कामांवर हजेरी मोबाइल अ‍ॅपवर सक्तीची झाली, दिवसातून दोनदा फोटो काढून. सगळं तंत्रज्ञान मस्टरवर खर्ची पडलं. फोटोतल्या बाईने किती माती काढली, हे फोटो सांगत नाही. तो खुंट सांगत होता. कचेऱ्यांतही हेच चाललंय. दारात अंगठा लावायचं यंत्र बसवलं की साहेबाला वाटतं आता शिस्त आली. अंगठा नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लागतो, फाइल तिथेच राहते.

कोरेगाव तालुक्यातल्या वेळूचं उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचं. २०१६ साली पानी फाउंडेशनने गावागावांत जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा घेतली. तीन तालुके निवडले होते: वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. पहिलं बक्षीस वेळूला मिळालं. २०१८ साली माण तालुक्यातल्या टाकेवाडीने ते पटकावलं. इथे ना मजुरी, ना मस्टर, श्रमदान. मग माणसं भर उन्हाळ्यात का आली? पाण्याची तहान हे एक उत्तर झालंच, पण तहान त्याआधीची कित्येक वर्षं होती. फरक पडला तो मांडणीने. गावातल्या मोजक्या लोकांना आधी प्रशिक्षण दिलं, म्हणजे चर कुठे, बांध कुठे हे गावातच कोणाला तरी कळत होतं. मुदत ठरलेली, उन्हाळ्यातले काही आठवडे. माप ठरलेलं, कशाला किती गुण ते आधीच माहीत. आणि तपासणारा बाहेरचा. शेवटची गोष्ट लहान वाटते, पण गावात ती फार महत्त्वाची असते. गावातल्याच माणसाने माप घेतलं की निवडणुकीची भांडणं त्या टेपला येऊन चिकटतात.

श्रमदानाची हवा स्पर्धेनंतर टिकते का, हा प्रश्न रास्त आहे. बांध बांधताना गाव एक होतं, पाणी आल्यावर कोण किती उपसणार यावर पुन्हा दोन होतं. वाटपाचा नियम आधी ठरला नसेल तर एकजुटीने साठवलेलं पाणी ज्याची बोअर खोल त्याचं होतं.

आता आटपाडी. १९३८ च्या नोव्हेंबरात औंधच्या राजांनी आपल्या वाढदिवसाला सत्ता प्रजेकडे देण्याचा इरादा जाहीर केला आणि १९३९ च्या जानेवारीत संस्थानाला तशी राज्यघटना मिळाली. गावाने पंच निवडायचे, गावांचे प्रतिनिधी तालुक्याला, तालुक्यांचे विधिमंडळात, अशी खालून वर जाणारी रचना. महात्मा गांधींचा सल्ला घेतलेला होता. धडपड होती राजपुत्र अप्पासाहेब पंत यांची आणि मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या इंजिनिअरची. फ्रीडमन बंगळूरच्या सरकारी वीजसाहित्याच्या कारखान्याचे प्रमुख होते. तिथून ते खादीकडे आणि औंधकडे वळले.

याच माणसाच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं, खुल्या तुरुंगाची वसाहत. भिंत नाही. कैदी कुटुंबासह राहतात, शेती करतात. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ यावरून सुचलेला, कथा ग. दि. माडगूळकरांची, जे या आटपाडीच्याच मुलखातले आणि औंधला शिकलेले. चित्रपटाला बर्लिनला पारितोषिक मिळालं आणि स्वतंत्रपूर जगाला ठाऊक झालं ते त्या रूपात: सहा खुनी आणि त्यांच्यावर रोखलेले एका भल्या जेलरचे दोन डोळे.

चित्रपट मला आवडतो. पण प्रयोगाचा अर्थ त्याने थोडा बदलला असं वाटतं. पडद्यावर कैदी सुधारतात ते जेलरच्या नजरेच्या धाकाने आणि प्रेमाने. प्रत्यक्ष वसाहतीत जेलरची नजर हा मुद्दा दुय्यम आहे. कैद्याच्या हातात जमीन आहे, तिच्यात पेरलेलं उगवतं की नाही हे त्याला रोज दिसतं. बायको आणि मुलं तिथेच आहेत, त्यांना तोंड द्यायचंय. पळून जायला वाट मोकळी आहे, म्हणून न पळणं ही रोज नव्याने केलेली निवड आहे. एका माणसाच्या चांगुलपणावर उभी राहिलेली व्यवस्था त्या माणसाच्या बदलीबरोबर संपते. स्वतंत्रपूरने संस्थान विलीन होताना पाहिलं, राज्य बदलताना पाहिलं, कितीतरी अधिकारी येऊन गेले. वसाहत महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे चालूच राहिली.

इथे एक मेख आहे. जबाबदारी म्हटलं की आपल्याला पटकन शिक्षा आठवते. चूक कोणाची ते शोधा, मेमो द्या. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात हा प्रश्न जिवाशी येतो. मिरज मिशन हॉस्पिटलपासून तिथे वैद्यकीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची, आणि आज गल्लोगल्ली रुग्णालयं. अशा ठिकाणी औषधाचा डोस चुकला तर परिचारिकेने सांगावं की झाकावं? हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांत औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या जुळलेल्या टीममध्ये चुका कमी निघतील अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले: चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. खोलात गेल्यावर उलगडा झाला. तिथे चुका जास्त होत नव्हत्या, जास्त सांगितल्या जात होत्या. जिथे मुख्य परिचारिका कडक आणि टोचून बोलणारी, तिथे रजिस्टर स्वच्छ.

स्वच्छ रजिस्टर पाहून खूश होणारे वरिष्ठ आपल्याकडे कमी नाहीत. पंचायत समितीपासून कुपवाडच्या एमआयडीसीपर्यंत, ‘काही अडचण नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही साहेब’ हेच उत्तर अपेक्षित असतं. अडचण सांगणाऱ्याला ती अडचण त्यानेच केल्यासारखं पाहिलं जातं. मग पुढच्या वेळी तो सांगत नाही. काम कोणाचं हे पक्कं असणं आणि चूक सांगायची भीती नसणं, या दोन गोष्टी एकत्र लागतात. पहिलीशिवाय दुसरी असली तर कार्यालयाचा कट्टा होतो. दुसरीशिवाय पहिली असली तर सगळे जण कागद सांभाळत बसतात.

या दोन जिल्ह्यांतलं सर्वांत मोठं, सर्वांत गुंतागुंतीचं एकत्रित काम मात्र कुठल्या एका छपराखाली होत नाही. ते दसरा-दिवाळीनंतर शिवारात सुरू होतं: उसाचा गळीत हंगाम. कृष्णा-वारणेच्या काठी आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो. शेतकऱ्याने लागणीची नोंद कारखान्याच्या गट ऑफिसला दिलेली असते. त्या तारखेनुसार तोडणीचा कार्यक्रम लागतो. चिटबॉय चिठ्ठी देतो, मुकादम टोळी पाठवतो, वाहनमालकाचा ट्रॅक्टर फडात येतो, मोळ्या भरल्या जातात, यार्डात नंबर लागतो, काट्यावर वजन होतं आणि ऊस गव्हाणीत पडतो. तोडल्यापासून शक्यतो चोवीस तासांत हे व्हायला हवं. उशीर झाला की वजन घटतं आणि साखर मोडू लागते.

या साखळीत माणसं किती? तोडणारी जोडपी बीड, अहिल्यानगरकडची किंवा जतची. एका जोडप्याला एक कोयता म्हणतात. त्यांनी उचल घेतली मुकादमाकडून. मुकादमाने घेतली वाहनमालकाकडून. वाहनमालकाचा करार कारखान्याच्या तोडणी-वाहतूक यंत्रणेशी. चिटबॉय शेतकी खात्याचा. म्हणजे फडात एकाच वेळी उभ्या असलेल्या माणसांपैकी प्रत्येकाचा धनी वेगळा, आणि ज्याचा ऊस आहे तो शेतकरी यांपैकी कोणाचाच धनी नाही. ऊस तोडून दोन दिवस पडला तर तो विचारणार कोणाला? टोळी म्हणते गाडी आली नाही. गाडीवाला म्हणतो यार्डात अडकलो. यार्डातला म्हणतो मिल बंद होती. चिटबॉय फोन उचलत नाही. आणि खोटं यांपैकी कोणीच बोलत नसतं. शेवटी शेतकरी आपल्या हातात आहे ते करतो: टोळीला खुशाली, ड्रायव्हरला एन्ट्री. हा पैसा कुठल्याच कागदावर येत नाही. जिथे काम करणाऱ्याने कामाच्या मालकाला उत्तर द्यायची रीतसर सोय नसते, तिथे अशी बिनपावतीची सोय तयार होते. तिला नुसता भ्रष्टाचार म्हणून मोकळं होता येत नाही. ती मोडलेल्या रचनेची भरपाई आहे.

रिंगेलमानचा दोर इथेही आहे. वजनातली घट त्या त्या शेतकऱ्याच्या पावतीवर दिसते आणि टनावर मजुरी घेणाऱ्या टोळीलाही लागते. पण उसातली साखर किती घटली, हे एकेकाच्या खात्यावर कुठेच उमटत नाही, कारण एफआरपी, म्हणजे उसाला कायद्याने द्यायचा किमान दर, ठरते ती अख्ख्या कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर. ताज्या, साळलेल्या, वेळेत आलेल्या उसाचा आणि तीन दिवस वाळलेल्या, पाचट-वाढ्यासकट आलेल्या उसाचा रस एकाच टाकीत आणि भावही एकच. ज्याने नीट काम केलं त्याचं नीटपण सरासरीत विरघळतं. काही कारखान्यांनी नोंदी मोबाइलवर आणल्या, गाड्यांना जीपीएस लावलं, काट्याचे आकडे शेतकऱ्याच्या फोनवर पाठवले. त्याने वजनाचा संशय कमी होतो. उताऱ्याची सरासरी तशीच राहते.

आणि या साखळीत हिशेब बहुतेक खालच्या बाजूनेच मागितला जातो. टोळीची कपात होते, वाहनमालकाची अनामत अडकते, जळका ऊस म्हणून शेतकऱ्याचे पैसे कापले जातात. वरच्या टोकाला एकच काटेकोर तारीख लिहिलेली आहे, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात: ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे, नाहीतर वर्षाला पंधरा टक्के व्याज. ती चुकली की हंगामात सांगली-कोल्हापूरच्या रस्त्यांवर गाड्या अडवल्या जातात, कारखान्याच्या दारात ठिय्या बसतो. कारखान्यावर वसुलीचा दाखला काढायचा अधिकार पुण्यात साखर आयुक्तांचा. त्यावरून जप्ती करायची ती जिल्हाधिकाऱ्यांनी. जिल्ह्यातल्या कारखान्याचे संचालक बहुतेक वेळा जिल्ह्यातलेच पुढारी असतात, त्यामुळे दाखला आणि जप्ती यांच्यात किती दिवस जातील ते कोणी सांगू शकत नाही. गावातल्या विकास सोसायटीच्या कर्जाची तारीख मात्र ठरलेली असते, आणि ती शेतकऱ्याच्या नावावर असते.